गाठीतले रहिवासी

कामशेत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर इथल्या मुलांना झाडपाला आणि किडे हातात देऊन शिकवत. म्हणून मीही आज हातात घेता येईल असाच विषय आणला आहे. हे मायफळ. पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू द्या. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात ते कधी ना कधी आलेलं आहे. बाळगुटीच्या पुडीत हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांच्यासोबत ते असतं आणि सहाणेवर त्याचे एक-दोन वेढे देऊन बाळाला चाटवतात. गुटी द्यावी का, किती द्यावी, हा वैद्य-डॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात मी शिरत नाही. माझं म्हणणं इतकंच की हे फळ नाही. ते फोडलंत तर त्यात बी सापडणार नाही. मधोमध एक छोटी पोकळी सापडेल, आणि त्या पोकळीत एके काळी एक अळी राहत होती.

तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराणच्या डोंगरांत ओकची एक ठेंगणी, झुडपासारखी जात वाढते. तिचं शास्त्रीय नाव क्वर्कस इन्फेक्टोरिया. जेमतेम काही मिलिमीटर लांबीची एक गांधीलवर्गीय माशी या ओकच्या कळीत अंडं घालते. ती डंख करणारी, पोळं बांधणारी गांधीलमाशी नव्हे. तिला मी आज गाठमाशी म्हणणार आहे. अंड्यातून अळी निघाली की तिच्याभोवतीच्या पेशी वेगळ्याच रीतीने वाढू लागतात. कळीतून फांदी यायची, ती येत नाही. तिथे एक गोल, टणक, वर खरबरीत टेंगळं असलेली गाठ तयार होते. आतल्या बाजूला अळीला खाता येईल असा मऊ, सकस थर, त्याबाहेर कडक कवच, आणि सगळ्यात बाहेर टॅनिनने भरलेला जाड भाग. चांगल्या मायफळात 50 ते 70 टक्के टॅनिन असतं. याच टॅनिनपायी ते सीरियातल्या हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या, बाजारातून जगभर गेलं. मायफळाच्या काढ्यात हिराकस मिसळला की जी काळी शाई होते, तिनेच युरोपने शतकानुशतकं आपले दस्तऐवज लिहिले. आपल्याकडे त्याचा औषधात आणि रंगकामात उपयोग झाला.

जुन्या व्यापाऱ्यांनी मायफळाची प्रतवारी केली होती ती फार शहाणपणाची आहे. निळसर-काळपट, जड, छिद्र नसलेली मायफळं उंची. हलकी, पांढुरकी, बाजूला एक गोल भोक पडलेली हलक्या प्रतीची. कीटकशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. भोक नसलेल्या गाठीत माशी अजून होती तेव्हाच ती तोडली. भोक असलेल्या गाठीतून माशी कुरतडत बाहेर पडून गेली. मागे बसलेल्या कुणाच्या हाती आता जे मायफळ आहे, त्याला भोक आहे की नाही, ते बोटाने चाचपून पाहा. गाठींच्या अभ्यासाची सुरुवात याच तपासणीने होते.

काकडशिंगीबद्दल दोन शब्द. गुटीतली ही दुसरी गाठ. हिमालयाच्या पश्चिम भागातल्या पिस्त्याच्या कुळातल्या एका झाडावर मावा राहतो आणि त्या झाडाच्या पानांवर शिंगासारख्या पोकळ गाठी करतो. तेव्हा एकाच पुडीत दोन गाठी, दोन वेगळ्या झाडांच्या, दोन वेगळ्या गणांतल्या कीटकांच्या. बाहेरून पाहून दोन्ही 'काहीतरी वाळलेलं' दिसतं. आत कोण राहत होतं हे विचारलं की त्या एकदम लांब लांब जातात.

आणि हाच प्रश्न विचारायला माणसाला फार वेळ लागला. इटलीत फ्रान्चेस्को रेदी नावाच्या वैद्याने 1668 साली मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून होतात, हे प्रयोग करून दाखवलं. एवढा चोख माणूस. पण ओकच्या गाठीपुढे तो अडखळला. गाठ सगळीकडून बंद, आत अळी. ती आत गेली कुठून? त्याने ठरवलं की झाडाच्या अंगच्या जीवनशक्तीतूनच ती उपजत असावी. 1679 साली बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगीने गाठींवर एक सविस्तर प्रकरण लिहिलं. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि तासन् तास बघत बसण्याची तयारी होती. ओकच्या कळीत माशी आपली अंडनळी खुपसताना त्याने प्रत्यक्ष पाहिली. भोक आधी पडतं आणि बुजून जातं. अंडं आत राहतं आणि झाड त्याच्याभोवती वाढतं. मला या दोघांत माल्पीगीचं काम मोठं वाटतं, आणि त्याचं कारण उपकरण नव्हे. रेदीने तयार गाठ पाहिली, माल्पीगीने गाठ होण्याआधीची कळी पाहिली.

आता ओळख पटवण्याच्या अडचणीकडे येतो. आज गाठमाश्यांच्या मुख्य कुळात, सिनिपिडी कुळात, सुमारे 1,400 जाती मोजल्या आहेत, त्यातल्या सुमारे 1,000 ओकवर राहतात. माशी हातात घेतली तर ती काळी, तपकिरी किंवा पिवळसर, धातूसारखी चमक नसलेली, पाठीला कुबड आणि पोट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं. पुढच्या पंखात शिरा थोड्या, त्यात एक त्रिकोणी घर स्पष्ट दिसतं. मादीच्या पोटाच्या टोकाखाली एक बारीक काटा असतो, त्याची लांबी आणि त्यावरचे केस पाहावे लागतात. शृंगिकांचे कांडे मोजावे लागतात. पाठीच्या ढालीवरच्या खाचा पाहाव्या लागतात. हे सगळं केलं तरी दोन जवळच्या जाती वेगळ्या करताना अनुभवी अभ्यासक थबकतो. उलट गाठ पाहिली तर ती कुणाची हे बऱ्याचदा लगेच कळतं. युरोपातल्या एकाच ओकवर डझनावारी तऱ्हेच्या गाठी असतात, कुठली केसाळ, कुठली चिकट, कुठली संगमरवरासारखी गुळगुळीत. झाड एकच, पानं तीच, तरी गाठींचे आकार इतके निराळे. गाठीची बांधणी माशीच्या वंशाची असते. झाड फक्त माल पुरवतं. म्हणून या विषयात गाठ हाच माशीच्या शरीराचा एक अवयव धरतात, आणि ती जपून ठेवली नाही तर निम्मी ओळख हरवते.

त्यातही एक खोच आहे. ओकवरच्या कित्येक गाठमाश्यांच्या वर्षाला दोन पिढ्या होतात आणि त्या एकमेकींसारख्या नसतात. उदाहरणार्थ, शरद ऋतूत पानांच्या खालच्या बाजूला चपट्या गोल चकत्या येतात. पानगळीबरोबर त्या जमिनीवर पडतात आणि हिवाळा तिथेच काढतात. वसंतात त्यांतून फक्त माद्या बाहेर पडतात. नराशिवाय त्या ओकच्या फुलोऱ्यात आणि कळ्यांत अंडी घालतात आणि तिथे लालसर, रसाळ, मण्यांसारख्या गाठी होतात. त्यातून नर आणि माद्या दोन्ही निघतात, त्यांचा समागम होतो आणि त्या माद्या पुन्हा पानांवर अंडी घालतात. दोन पिढ्यांच्या माश्या दिसायला वेगळ्या, गाठी वेगळ्या, ऋतू वेगळा. साहजिकच आधीच्या संशोधकांनी त्यांना दोन वेगळ्या जातींत आणि दोन वेगळ्या प्रजातींतही टाकलं होतं: एकीला न्यूरोटेरस म्हणायचे, दुसरीला स्पॅथेगॅस्टर. या दोघी एकाच वंशाच्या आहेत, हे सिद्ध केलं श्लेस्विगमधल्या हेरमान आडलर नावाच्या डॉक्टरने. त्याने ओकची रोपं कुंड्यांत लावली, त्यांवर ज्ञात माशी सोडली, काय गाठ होते ते पाहिलं, त्या गाठीतून काय निघतं ते पाहिलं, आणि 1881 साली सगळा जमाखर्च प्रसिद्ध केला. दवाखाना सांभाळून केलेलं हे काम आहे. त्याच्या कुंड्यांनी एका फटक्यात कितीतरी नावं पुसून टाकली. ओकच्या मुळांवरच्या गाठींतून निघणारी पंखहीन माशी आणि फांदीवरच्या मऊ, मोठ्या गाठीतून निघणारी पंखवाली माशी या दोघी बायोरायझा पॅलिडा याच एका जातीच्या, हेही अशाच पाळणीतून ठरलं.

दुसरी खोच याहून नित्याची आहे. गाठ डबीत ठेवली आणि त्यातून माशी निघाली, म्हणजे तीच गाठ करणारी असं धरून चालतो. ते चूक ठरण्याची शक्यता मोठी. गाठमाश्यांच्याच कुळात सिनर्गस नावाचे पाहुणे आहेत. त्यांना स्वतःची गाठ सुरू करता येत नाही. ते दुसरीने केलेल्या गाठीत अंडी घालतात आणि तिथलंच खाऊन वाढतात. ते दिसतातही मालकिणीच्या चुलत बहिणीसारखे. शिवाय परजीवी माश्यांची रांग असते: हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या, लांब शेपटीसारखी अंडनळी असलेल्या टोरिमस, काळ्या ठेंगण्या युरिटोमा, ऑर्मिरस, युपेल्मस. त्या मालकिणीची अळी खातात, पाहुण्यांची खातात, काही एकमेकींचीही खातात. कधी गाठीतून मालकीण सोडून बाकी सगळे बाहेर पडतात. ज्याने फक्त चिमट्यात आलेली माशी पाहिली आणि गाठ फेकून दिली, त्याचं नाव चुकणारच. गाठींच्या वर्गीकरणाच्या जुन्या गोंधळाचा मोठा हिस्सा असाच झालेला आहे.

आल्फ्रेड किन्सी हे नाव तुमच्यापैकी काहींनी दुसऱ्या संदर्भात ऐकलं असेल. मानवी लैंगिक वर्तनावर त्याचं पुस्तक 1948 साली आलं आणि तो जगभर गाजला. त्या विषयाकडे वळण्याआधीची दोन दशकं त्याने ओकच्या गाठमाश्यांना दिली होती. 1930 साली सिनिप्स या प्रजातीवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. अमेरिका आणि मेक्सिकोत भटकून त्याने लाखो गाठी आणि माश्या जमवल्या. त्याच्या मृत्यूनंतर तो संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीकडे गेला. त्याचा आग्रह असा की एका नमुन्यावरून जात सांगू नये. एका टेकडीवरच्या शेकडो माश्या मोजाव्यात, पुढच्या टेकडीवरच्या मोजाव्यात, आणि मग फरक कुठे संपतो ते पाहावं. त्याने वेगळ्या मानलेल्या काही जाती पुढच्या अभ्यासकांनी एकत्र केल्या. पण मोठ्या संख्येने, ठिकाणाची नोंद ठेवून गोळा करायची त्याची शिस्त टिकली. बार्सेलोनाचे पुजादे-विलार किंवा हंगेरीचे जॉर्ज मेलिका यांनी गाठमाश्यांवर केलेल्या कामातही तीच शिस्त, तिला डीएनएची जोड.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ओक कुठे? खरं आहे. हिमालयात बांज आहे, त्यावर गाठीही आहेत. सह्याद्रीत ओक नैसर्गिकरीत्या वाढत नाही, त्यामुळे ओकच्या गाठमाश्याही नाहीत. पण गाठी आहेत, आणि भरपूर आहेत. वडिवळ्याच्या वाटेने चालत जा किंवा बेडसे लेण्यांकडे, वाटेतल्या झाडांची पानं उलटून पाहा. भारतातल्या गाठींचा पाया घातला तो एम. एस. मणी यांनी. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी कीटकशास्त्राचं केंद्र उभं केलं. 'इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स' हे त्यांचं पुस्तक 1964 साली आलं, 'प्लांट गॉल्स ऑफ इंडिया' 1973 साली. चेन्नईला टी. एन. अनंतकृष्णन यांनी फुलकिड्यांच्या गाठींवर आयुष्य वेचलं. मणींचं पुस्तक उघडलं की लक्षात येतं, आपल्या झाडांवरच्या गाठींचे मालक युरोपाहून फार वेगळ्या गणांतले आहेत. तिथे गाठमाश्यांचं राज्य, इथे चिलटं, फुलकिडे, कोळीकीटक आणि सिलिड म्हणून ओळखले जाणारे उड्या मारणारे रसशोषक.

म्हणून मावळातली गाठ ओळखायची तर पहिलं काम सुरीचं. गाठ आडवी कापा आणि आत पाहा. आत पाय असलेलं, डोळे असलेलं, चपटं पिल्लू बसलेलं दिसलं तर तो सिलिड. जांभळाच्या पानांवरचे फोड असे असतात, त्यांचा मालक ट्रायोझा जांबोलेनी. ऐनाच्या पानांवरही ट्रायोझाच्याच दुसऱ्या जातीच्या गाठी येतात. आत बिनपायाची, बहुधा पिवळी किंवा नारिंगी अळी, आणि भिंगाखाली तिच्या छातीच्या खालच्या बाजूला एक तपकिरी, सुळक्यासारखी पट्टी दिसली, तर ते गाठचिलट. आंब्याच्या पानांवरच्या बारीक फोडांचे मालक बहुतेक हेच. आत काहीच दिसत नाही, नुसते केसाळ तंतू, आणि जास्त मोठं करून पाहिल्यावर चारच पायांचे, गाजराच्या आकाराचे, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे जीव हालताना दिसले, तर ते कोळीकीटक. करंजाच्या पानांवर उठणाऱ्या बोंडांचं मूळ तेच, असेरिया पोंगामी. आणि आत पांढरी, वाकडी, बिनपायाची, डोकंही धड न दिसणारी अळी असेल आणि तिचं घर लख्ख स्वच्छ असेल, तर ती गांधीलवर्गातली. या अळ्यांचं आतडं कोषावस्था जवळ येईपर्यंत मागच्या बाजूने बंदच असतं. त्यामुळे ज्या खोलीत जन्म जातो ती खोली त्या घाण करत नाहीत. निसर्गाच्या व्यवस्थेतला हा बारकावा मला नेहमीच थक्क करतो.

आता उंबर. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मायफळाच्या माशीसारखी गाठ करणारी, तिच्याच गांधीलवर्गातली माशी मावळात पाहायची तर ती उंबरात आहे. उंबराचं फळ म्हणजे आतून वळलेला फुलोरा. त्याच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा वाटेने सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची माशी आत शिरते. शिरताना बऱ्याचदा तिचे पंख तुटतात. आत शेकडो बारीक फुलं असतात. ती सोबत आणलेला पराग काही फुलांवर ठेवते आणि काही फुलांत एकेक अंडं घालते. ज्या फुलात अंडं पडलं त्याचं बी होत नाही, त्याची गाठ होते. त्या गाठीत अळी वाढते. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात आणि उंबराच्या बाहेरचं जग ते बहुधा कधी पाहत नाहीत. ते गाठीतल्या गाठीतच माद्यांशी समागम करतात, मग फळाच्या भिंतीत बोगदा पाडतात आणि मरतात. माद्या त्या बोगद्यातून पराग घेऊन पुढच्या उंबराकडे उडतात. हा सगळा व्यवहार कामशेतच्या ओढ्याकाठच्या प्रत्येक उंबरात चालू असतो. आपण उंबर फोडून आतले किडे पाहून तोंड वाकडं करतो. तिथे प्रत्यक्षात काही बिया आणि काही गाठी शेजारी शेजारी नांदत असतात, आणि उंबराचं पुढचं झाड त्या दोघींच्या हिशोबावर अवलंबून असतं.

आणि इथेही पाहुणे आहेत, अगदी ओकच्या गाठीसारखेच. सायकोफॅगा प्रजातीच्या माद्या आत शिरत नाहीत. त्या बाहेर बसून लांबलचक अंडनळी फळाच्या भिंतीतून आरपार घालतात आणि आतल्या फुलांच्या गाठी करतात. परागाचं काम मात्र त्या करत नाहीत. अपोक्रिप्टा नावाच्या माश्या त्याच वाटेने आतल्या अळ्यांवर परजीवी म्हणून वाढतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंबरातल्या या वसाहतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे, कोण कोणत्या दिवशी येऊन अंडी घालतं इथपर्यंत. आता त्याच उंबराचं पान उलटा. पानावर टणक गाठी दिसतील. त्या कापा. आत सिलिडचं पिल्लू, पॉरोप्सिला डिप्रेसा. एकाच झाडाच्या पानावरची गाठ रसशोषकाची आणि फळातली गाठ गांधीलवर्गीय माशीची. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. 'उंबरावरची गाठ' असं लिहून डबी बंद केली तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही. 'उंबर, पान' किंवा 'उंबर, फळातलं फूल' असं लिहिलं की ती उपयोगी पडू लागते.

या बारकाव्याला पोटापाण्याचीही बाजू आहे. आपण इंद्रायणी तांदळाच्या मुलखात बसलो आहोत, वडगावचं कृषी संशोधन केंद्र जवळच आहे, म्हणून भाताचं उदाहरण घेतो. पूर्व विदर्भातला धान पिकवणारा शेतकरी गादमाशीला चांगला ओळखतो. हे एक गाठचिलट, ऑर्सिओलिया ओरायझी. त्याची अळी भाताच्या वाढत्या कोंबात शिरली की कोंबाची कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी होते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. ती नळी म्हणजे गाठच. आता या चिलटाचे भारतात सात प्रकार ओळखले आहेत आणि ते दिसायला एकसारखे आहेत. मग ओळखले कसे? भाताच्या ठरावीक जाती शेजारी शेजारी लावून. एका प्रकाराची माशी एका वाणावर गाठ करू शकते, दुसऱ्यावर नाही. इथे माशीची ओळख भाताचं रोप सांगतं. एका जिल्ह्यात टिकणारा वाण दुसऱ्या जिल्ह्यात का पडतो, याचं उत्तर अशाच तक्त्यात असतं.

दुसरी गोष्ट पांगाऱ्याची. 2000 नंतरच्या दोन-चार वर्षांत सिंगापूर, मॉरिशस, रीयुनियन अशा दूरदूरच्या ठिकाणी पांगाऱ्याच्या जातींची पानं आणि देठ फुगून वाकडे होऊ लागले. आत एक इवलीशी गांधीलवर्गीय माशी होती. ती सिनिपिडी कुळातली नव्हे, युलोफिडी या दुसऱ्या कुळातली: तंगडीच्या टोकाला चारच कांडे, पंखात शिरा जवळजवळ नाहीत. तिला नावच नव्हतं. 2004 साली तिचं वर्णन क्वाड्रॅस्टिकस एरिथ्रिनी या नावाने प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी ती हवाईत पोहोचली आणि तिथल्या विलीविली नावाच्या स्थानिक पांगाऱ्यावर तुटून पडली. दक्षिण भारतातही तिच्या नोंदी झाल्या. नाव ठरलं, तिचे नातेवाईक कुठले हे कळलं, म्हणून शोध आफ्रिकेकडे वळवता आला. तिथे तिच्या अळ्या खाणारी एक युरिटोमा सापडली, आणि 2008 साली ती हवाईत सोडल्यावर विलीविली सावरू लागला. नाव चुकलं असतं तर शत्रू शोधायला भलत्याच खंडात गेले असते. आपल्या नाणे मावळात फाल्गुनात पांगारा फुलतो. त्याच्या कोवळ्या पानांवर फुगवटे दिसले तर ते कापून पाहण्याचं महत्त्व आता वेगळं सांगायला नको.

झाडाला गाठ करायला भाग पाडणारं नेमकं काय, हे आता थोडं थोडं उलगडू लागलं आहे. अमेरिकेतल्या जेनेलिया संशोधन केंद्रातून 2021 साली एक लेख आला, त्याच्या पहिल्या लेखिका ऐश्वर्या कोरगावकर. विच हेझल या झुडपावर गाठी करणारा एक मावा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला. गाठ लाल होते की हिरवी, याच्याशी माव्याच्या एका जनुकाचं नातं सापडलं, आणि त्यासारखी शेकडो जनुकं त्याच्या लाळग्रंथींत काम करताना दिसली. ती बनवत असलेली प्रथिनं झाडाला दिली जातात असं दिसतं. मायफळाच्या माशीचं तंत्र यासारखंच आहे की वेगळं, यावर काम चालू आहे. गाठ हा कीटकाचाच अवयव मानायची जुनी सवय मात्र यातून अधिक भक्कम झाली आहे.

शेवटी, इथल्या शाळांतल्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी काही कामाच्या सूचना, कारण हे काम मावळात बसून होण्यासारखं आहे. गाठ तोडताना फांदीसकट तोडा, पान-फूल-फळ जे मिळेल ते सोबत घ्या, म्हणजे झाड नक्की ठरवता येईल. शंका असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं कार्यालय आहे. अर्ध्या गाठी कापा, आत काय दिसलं ते त्याच दिवशी लिहा, चित्र काढा. उरलेल्या अर्ध्या काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला पातळ मलमल बांधा. बरणीत पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात बुरशी सगळं काम वाया घालवते. तळाला टीपकागद ठेवा. उंबर घ्यायचं तर लाली चढू लागलेलं, पण अजून घट्ट असलेलं घ्या. पिकून मऊ झालेल्यातून माश्या निघून गेलेल्या असतात. रोज सकाळी पाहा, आणि जे जे बाहेर पडेल ते ते वेगळ्या छोट्या शिशीत स्पिरिटमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी निघालेलं आणि दहाव्या दिवशी निघालेलं एकाच शिशीत घालू नका. मालकीण, पाहुणी आणि परजीवी यांची वाटणी बहुतेकदा निघण्याच्या तारखांवरून सुरू होते. रिकामी गाठही फेकू नका. ती वाळवून त्याच शिशीच्या क्रमांकाने ठेवा.

प्रत्येक शिशीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गावाचं नाव, ओढा किंवा टेकडी, झाडाचं नाव, झाडाचा कोणता भाग, गाठ तोडल्याची तारीख, किडा निघाल्याची तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एवढ्या तयारीने नमुने तुमच्याकडे असतील तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. कामशेतहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने आकुर्डी स्टेशनला उतरायचं. जाण्याआधी पत्र लिहा, आणि शिश्यांसोबत वाळलेल्या गाठींचं खोकंही घेऊन जा.